लिफ्टचा जोक कुणाचा? एका कॉमेडी क्लबातलं प्रकरण

या प्रकरणातली नावं, जागा आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. जोकचे विषय मात्र खरे आहेत आणि ते ठेवायला संबंधित कॉमिकची, म्हणजे स्टँडअप करणाऱ्या कलाकाराची, हरकत नाही. तिची एकच अट होती. पंचलाइन छापायच्या नाहीत, कारण त्या ती अजून वापरते.

पार्श्वभूमी

ऐंशी खुर्च्यांची जागा, आठवड्यातून एक शो. सहा कॉमिक, प्रत्येकाला दहा मिनिटं. तिसऱ्यानंतर मध्यंतर आणि सगळ्यात शेवटी पंचवीस मिनिटांचा हेडलाइनर, म्हणजे त्या रात्रीचा मुख्य कॉमिक. नवव्या मिनिटाला मागच्या भिंतीवर छोटा दिवा लागतो. कॉमिक लोक त्याला ‘लाइट मिळाली’ म्हणतात, म्हणजे आता आवरतं घ्या. लाइनअप लावायचं काम माझ्याकडे होतं. कुणाला बोलवायचं, कितव्या स्लॉटवर उभं करायचं, पुन्हा बोलवायचं की नाही, सगळं मीच ठरवायचे.

पुन्हा बोलवण्याचा निर्णय चिठ्ठ्यांवरून व्हायचा. शो संपल्यावर प्रेक्षक बाहेर पडताना प्रत्येक कॉमिकला पाचपैकी गुण देत आणि वाटलं तर खाली एखादी ओळ लिहीत. या पद्धतीचा मला फार अभिमान होता. बुकर, म्हणजे लाइनअप लावणारा, आपल्या दोस्तांनाच पुढे करतो, ही या धंद्यातली जुनी तक्रार. आमच्याकडे तसं नाही, इथे प्रेक्षक ठरवतात, असं मी भेटेल त्याला सांगायचे.

ही कॉमिक तीन वर्षं ओपन माइक, म्हणजे कुणालाही उभं राहता येतं असे शो, करून आमच्याकडे आली होती. सेट, म्हणजे तिची दहा मिनिटं, घट्ट होता. लिफ्टमध्ये रोज भेटणारे पण कधीच न बोलणारे शेजारी, वडिलांचे पासवर्ड, तोंडात यंत्र असताना प्रश्न विचारणारा दाताचा डॉक्टर, आणि शेवटी दीड मिनिटाचा ब्रा विकत घेण्याचा बिट. पहिली साडेआठ मिनिटं कागदावर उतरवून कुणाला वाचायला दिली, तर ती बाईने लिहिलीत की पुरुषाने, हे सांगता आलं नसतं.

अडचण

पाच शो झाले. पाचही वेळा गुणांमध्ये ती शेवटची किंवा शेवटून दुसरी. चिठ्ठ्यांवरचे शेरे असे: ‘ठीक होती’, ‘सगळं बायकांचंच’, ‘जरा ओरडून बोलते’, ‘आवडली पण हसू नाही आलं’. एकाने गुणांच्या जागी ‘दिसायला छान’ असं लिहून ठेवलं होतं. तिच्या आधी जो कॉमिक उभा राहायचा त्याच्या दहापैकी आठ मिनिटं त्याच्या बायकोवर खर्च व्हायची. त्याला ‘सगळं नवऱ्यांचंच’ असा शेरा एकदाही मिळाला नाही.

क्लबचे मालक म्हणाले, “प्रेक्षकांना आवडत नाही, तर आपण काय करणार?” मलाही ते पटलं. त्यात मी स्वतः बाई. माझ्या मनात बायकांबद्दल आकस असेल ही शक्यताच मी विचारात घेतली नव्हती.

तिला ‘सध्या थांबू’ असा निरोप द्यायचा ठरवून मी पाचव्या शोच्या चिठ्ठ्या शेवटच्या म्हणून चाळत होते. एका चिठ्ठीवर हेडलाइनरच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘लिफ्टचा जोक एक नंबर’, आणि पाचपैकी पाच. त्याच चिठ्ठीवर तिला दोन.

लिफ्टचा जोक तिचा होता. हेडलाइनरने त्या रात्री आपल्या सेटच्या मध्यात त्याचा कॉलबॅक घेतला होता, म्हणजे एका वाक्यात त्या जोककडे बोट दाखवून हशा घेतला होता. त्यात गैर काही नाही, रूममध्ये आधी गाजलेल्या जोकचा कॉलबॅक घेणं ही चांगल्या कॉमिकची खूण समजतात. पण तासाभरात त्या प्रेक्षकाच्या डोक्यात जोकचा मालक बदलला होता. मी बाकीच्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. असाच घोटाळा आणखी दोन ठिकाणी सापडला. तीन चिठ्ठ्यांनी काही सिद्ध होत नाही, पण तो निरोप मी पाठवला नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हा घोटाळा आमच्याच प्रेक्षकांचा नाही. २०१२ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कर मासिकातली व्यंगचित्रं देऊन त्यांखाली मजेशीर ओळी लिहायला सांगितल्या. मग दुसऱ्या लोकांनी, ओळ कुणाची हे न कळता, त्यांची प्रतवारी केली. पुरुषांच्या ओळी पुढे निघाल्या, पण ५ पैकी सरासरी ०.११ गुणांनी, आणि हा फरक गुण देणाऱ्या पुरुषांकडे जास्त होता. मला त्याच अभ्यासातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. लिहिणारी व्यक्ती बाई की पुरुष हे सांगून ओळी दाखवल्या आणि नंतर विचारलं, ही ओळ कुणाची होती? आठवताना लोक चुकले तेव्हा चुकीला दिशा होती. हसवणाऱ्या ओळी पुरुषांच्या खात्यात जात होत्या आणि फसलेल्या ओळी बायकांच्या. आमच्या चिठ्ठ्या शो संपल्यावर, आठवणीतून भरल्या जायच्या.

दुसऱ्या बाजूचा आकडाही सांगायला हवा. २०२० मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात, विनोद रचण्याच्या चाचण्यांत पुरुष थोडे पुढे दिसले. साधारण ६३ टक्के पुरुष बायकांच्या सरासरीच्या वर होते. काही फरक नसता तर हा आकडा ५० आला असता. आमच्या मालकांच्या हाती हे लागलं असतं तर त्यांनी फ्रेम करून लावलं असतं. पण त्या चाचण्या बहुतेक साध्या माणसांना कागद-पेन देऊन घेतलेल्या. त्यावरून तीन वर्षं रोज रात्री सेट घासूनपुसून आलेल्या एका विशिष्ट बाईबद्दल काय कळणार? पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात म्हणून समोर उभ्या असलेल्या बाईची उंची मोजायचीच नाही, असं कुणी करत नाही.

रेकॉर्डिंग ऐकताना

चिठ्ठ्यांवरचा विश्वास डळमळल्यावर मी रेकॉर्डिंग ऐकायला घेतली आणि पहिल्या फेरीत चक्क उलटा निष्कर्ष काढला. आमचं रेकॉर्डिंग थेट साउंड डेस्कवरून व्हायचं. त्यात कॉमिकचा माइक स्वच्छ येतो, रूम येत नाही. हशा लांबून, पत्र्यावर पावसाचे चार थेंब पडावेत तसा ऐकू येतो. तिच्या पंचनंतर मला शांतता ऐकू आली आणि मी म्हटलं, चला, चिठ्ठ्या खऱ्याच होत्या. दोन दिवसांनी सहज म्हणून पुरुष कॉमिकचं रेकॉर्डिंग लावलं, तर तिथेही तीच शांतता.

पुढच्या दोन शोला मागच्या भिंतीवर एक फोन टांगला. त्यात रूम आली. स्टॉपवॉच घेऊन बसले. दर मिनिटाला किती हशे आणि प्रत्येक किती वेळ टिकला, एवढंच मोजायचं. कॉमिक लोक स्वतःचा सेट असाच तपासतात, यात माझा काही शोध नाही. चौथ्या मिनिटापासून पुढे ती कुणाच्याही मागे नव्हती. लिफ्टच्या जोकवर तर हेडलाइनर सोडला तर त्या रात्रीचा सगळ्यात लांब हशा होता. मार होता तो पहिल्या तीन मिनिटांत. इतरांना पहिला हशा दहा-पंधरा सेकंदांत मिळत होता, तिला जवळजवळ पाऊण मिनिट लागत होतं.

का, ते त्याच फोनमध्ये होतं. फक्त ती माइकपर्यंत पोहोचायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात.

आमचा होस्ट पुरुष कॉमिकची ओळख करून द्यायचा ती अशी: “याचे शो फुल जातात, आज आपल्याकडे आहे, जोरात स्वागत करा.” तिची ओळख अशी: “आणि आता, मित्रहो, एक लेडी कॉमिक! जरा जास्त टाळ्या, हिंमत वाढवा तिची.” सेट संपल्यावर पुन्हा: “बघितलं? बायकापण हसवू शकतात!” होस्ट माणूस म्हणून लाख. पण ‘हिंमत वाढवा’ ऐकल्यावर ऐंशी माणसं काय समजणार? की समोर येणारी कच्ची आहे, तिला सांभाळून घ्यायचंय. सांभाळून घ्यायला बसलेला माणूस हसत नाही, तो काळजी करतो. तिची पहिली तीन मिनिटं ही काळजी उतरवण्यात जात होती.

दुसरी गोष्ट माझ्याच वहीत सापडली. गेल्या चार महिन्यांच्या लाइनअप काढल्या. कुठली ना कुठली बाई कॉमिक अकरा वेळा आली होती, त्यातल्या आठ वेळा तिसऱ्या स्लॉटवर. तिसरा स्लॉट मध्यंतराच्या आधीचा. त्याच वेळी वेटर टेबलांवर बिलं ठेवत फिरतात, लोक माना खाली घालून हिशेब करतात, कुणी पैसे द्यायचे यावर कुजबुजतात. ‘बिलांचा स्लॉट’ कुठल्याही क्लबात कुणालाच नको असतो. मी तिथे बाईला टाकत होते. का, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, दोन पुरुषांमध्ये जरा वेगळेपणा येतो म्हणून. जेवढ्या वेळा मी हे वाक्य मनात म्हणून बघते तेवढं ते आणखी पोकळ वाटतं. खरं कारण मला वाटतं असं की तिसरा सेट पडला तरी मध्यंतर रात्र सावरून घेतं, आणि पडला तर चालेल अशी जागा मी पडेल असं वाटणाऱ्या माणसाला देत होते.

म्हणजे ओळख आमची, स्लॉट आमचा, चिठ्ठीही आमचीच. आणि निकालाला आम्ही प्रेक्षकांचं मत म्हणत होतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता तिला बोलावणं बंद करण्याचा. तो आता माझ्यापुरता बाद होता, मालकांपुरता नव्हता.

दुसरा, तिला सेट आणि कपडे बदलायला सांगण्याचा. हेडलाइनरने प्रेमाने सुचवलं की ब्राचा बिट काढ, आणि ‘जरा साधी ये, म्हणजे लोक जोक ऐकतील’. हा सल्ला आजचा नाही. अमेरिकन कॉमिक फिलिस डिलर १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्पल ओनियन क्लबात उभी राहिली आणि पुढे विस्कटलेले केस आणि ढगळ झगा हीच तिची ओळख झाली. शरीर कपड्यांत लपलं की त्याबद्दल ती हवं ते बोलू शकायची. त्याच्या बरोबर उलट, अमेरिकन कॉमिक अली वाँगने २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला आपला खास कार्यक्रम सात महिन्यांची गरोदर असताना, अंगाबरोबरचा तोकडा ड्रेस घालून केला. एकीने झाकून आणि दुसरीने पुढे करून, पण पंचच्या आधी लोकांचं लक्ष जिथे जातं त्याचा बंदोबस्त दोघींनाही करावा लागला. त्यांनी तो स्वतःच्या बुद्धीने केला, बुकरने सांगून नाही. तरीही मी तिला बिटबद्दल बोलले. त्याचं पुढे येईलच.

तिसरा पर्याय मालकांचा: फक्त बायकांचा खास शो. चांगला विकला जाईल, कुणी तक्रार करणार नाही, वर नावही होईल. मला याचा एक इतिहास माहीत होता. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोर या प्रसिद्ध क्लबच्या मालकीण मिट्झी शोर यांनी १९७८ मध्ये बायकांसाठी वरच्या मजल्यावर ‘बेली रूम’ नावाची छोटी खोली सुरू केली. तिथे बायकांना उभं राहायला हक्काची जागा मिळाली हे खरं. पण मुख्य खोली खालीच राहिली. मला हे माहीत होतं आणि तरी मी होकार दिला.

चौथा पर्याय म्हणजे आपलं घर आवरणं: ओळख, स्लॉट, लाइनअपमधली संख्या. यात ना पोस्टर होतं, ना बातमी, त्यामुळे मालकांना त्यात रस नव्हता.

काय केलं

आधी खास शो केला. सगळी तिकिटं गेली, रूम उसळत होती, चिठ्ठ्यांवर चार-पाचच्या खाली गुण नाहीत. तीसुद्धा खुश होती. मालकांनी मला पेढ्यासारखं एक वाक्य दिलं: “बघ, प्रश्न सुटला.”

पुढच्या तीन आठवड्यांच्या नेहमीच्या लाइनअप मी लावल्या. तिन्हींत एकही बाई नाही. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. नावं लिहिताना तिच्यापाशी आले की मनात यायचं, तिचा आता शो आहे ना वेगळा. वरची खोली बांधायला आम्हाला जिनासुद्धा लागला नाही. शिवाय खास शोचा प्रेक्षकच वेगळा होता. नेहमीच्या शोला येणारे फारसे कुणी त्या रात्री नव्हतेच. त्यामुळे तिथल्या गुणांवरून नेहमीच्या रूमबद्दल काहीच कळलं नव्हतं.

मग चौथा पर्याय. होस्टला बसवून दोन्ही ओळखी ऐकवल्या. तो आधी दुखावला. “अगं, मी तर तिच्या बाजूने बोलत होतो!” हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच समजावणं अवघड गेलं. शेवटी वाद न घालता नियम केला. सगळ्यांची ओळख सारख्याच लांबीची: नाव, केलेलं एखादं काम, पुन्हा नाव. बाई, लेडी, मुलगी यांतला शब्द नाही, आणि सेटनंतर निकाल सांगायचा नाही. स्लॉट सोडतीने काढायचे. आणि सहांत किमान दोन बायका.

हा शेवटचा नियम जाहीर करायचा की नाही यावर मी बरेच दिवस अडले होते. २०१४ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणी प्रमुखांनी जाहीर केलं होतं की यापुढे फक्त पुरुष असलेले विनोदी पॅनेल शो होणार नाहीत. त्यावर ‘मॉक द वीक’ या बीबीसीच्या पॅनेल शोचा तेव्हाचा सूत्रसंचालक डारा ओब्रिअन याचा आक्षेप असा की धोरण करा, पण जाहीर करू नका, केलंत तर तिथे बसलेली प्रत्येक बाई कोट्यातून आलेली वाटेल. त्याच्याशी मी सहमत झाले. लोक जाहीर करण्यालाही महत्त्व देतात, कारण गुपचूप केलेला नियम गुपचूप मोडताही येतो. आमच्याकडे तेवढं मोठं व्यासपीठ नव्हतं, म्हणून मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि मालकांची सही घेतली.

एक बाई आणि दोन बायका यांत नुसता एकाचा फरक नसतो. एक असली की ती सगळ्या बायकांच्या वतीने उभी असते. तिचा सेट पडला तर ‘बायकांना जमत नाही’, उडाला तर ‘बाई असून जमलं’. एडिनबर्गच्या महोत्सवात कॉमेडीसाठी दिल्या जाणाऱ्या पेरिए पुरस्काराचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं. १९९५ मध्ये जेनी एक्लेअरला तो मिळाला, एकटीच्या सेटसाठी मिळवणारी ती पहिली बाई. त्यानंतर पुढची बाई लॉरा सोलन, २००५ मध्ये. एका बाईने दहा वर्षं भागवली.

त्याच वेळी मी चिठ्ठीही बदलली. गुण काढून टाकले आणि एकच प्रश्न ठेवला: आजचा कुठला जोक उद्या कुणाला सांगाल, आणि तो कुणाचा होता?

काय झालं

पहिल्या दोन शोमध्येच फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये फरक ऐकू आला. तिचा पहिला हशा पाऊण मिनिटावरून वीस सेकंदांच्या आत आला. एकदा तिला सोडतीत पुन्हा तिसराच स्लॉट निघाला आणि तो सेट पडला. बिलं होतीच. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात एका अनुभवी पुरुष कॉमिकचाही त्याच स्लॉटवर पडला, आणि मग मालकांना बिलांची वेळ बदलायची अचानक निकड वाटली. यावर मी काही बोलत नाही.

नव्या चिठ्ठ्यांवर तिचे जोक वारंवार येऊ लागले, बहुतेक वेळा तिच्याच नावाने. अधूनमधून अजूनही एखादा जोक दुसऱ्याच्या खात्यात जातो. सहांत दोन बायका होत्या त्या रात्री एका चिठ्ठीवर शेरा होता, ‘आज बायकाच बायका’.

दुसरी बाई कॉमिक मात्र चालली नाही. ओळख साधी, स्लॉट वेगवेगळे, तरी चार सेट पडले. तिला थांबवलं. मला हे नोंदवायला आवडतं, कारण पहिल्यांदाच असं झालं की एका बाईचा सेट पडला आणि त्याचं बिल दुसरीच्या नावावर फाटलं नाही.

‘ओरडून बोलते’ हा शेरा कमी झाला का? नाही सांगता येत. तो शेरा मला सगळ्यात चिवट वाटतो. २०१९ मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजीत आलेल्या एका अभ्यासात दुकानाच्या व्यवस्थापकाचं एकच सादरीकरण, तेच विनोद, एकदा पुरुषाकडून आणि एकदा बाईकडून करवलं होतं. विनोद केल्यावर पुरुषाचं वजन बघणाऱ्यांच्या नजरेत वाढलं, बाईचं घटलं. त्याचा विनोद कामाला मदत करणारा वाटला, तिचा कामात अडथळा आणणारा. कॉमेडी क्लबात लोक विनोद ऐकायलाच येतात, त्यामुळे तो अभ्यास इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण माइकवर ठामपणे बोलणारा पुरुष ‘रूम हातात घेतो’ आणि बाई ‘ओरडते’, हा फरक मी त्या अभ्यासाआधीही शंभरदा ऐकला होता.

आता तो ब्राचा बिट. मी तिला तो काढायला सांगितला होता, ‘सगळं बायकांचंच’ हा शेरा वाचून. दीड मिनिटांमुळे साडेआठ मिनिटं वाया जातायत, असा माझा हिशेब. तिने तीन शो तो काढून पाहिला. सेटला क्लोजरच उरला नाही, शेवट लोंबकळायला लागला. चौथ्या शोला मला न विचारता तिने तो परत घातला. नंतर शांतपणे म्हणाली, “तुम्ही चिठ्ठ्या वाचता, मी रूम वाचते. तो बिट पहिल्या मिनिटाला केला असता तर लोक म्हणाले असते, आली बाई, झालं सुरू. नवव्या मिनिटाला ते माझ्याबरोबर असतात.” फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा शब्द न शब्द खरा होता. लोक नंतर ‘सगळं बायकांचंच’ असं लिहितात ते तो बिट शेवटी असल्यामुळे लक्षात राहतो म्हणून. त्याच्यावर हसताना त्यांना काही अडचण नसते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. ओळख, स्लॉट, संख्या आणि चिठ्ठी हे चारही मी महिन्याभरात बदललं. फरक पडला हे दिसतं, पण कशाने, हे मला कधीच सांगता येणार नाही. माझा अंदाज ओळखीवर आहे, कारण बदल पहिल्या मिनिटात दिसला. होस्टचा अंदाज बिलांवर आहे. आम्ही अजून भांडतो. गुणांची चिठ्ठी निदान दोन महिने तशीच चालू ठेवली असती तर आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी मांडता आले असते. मोजपट्टीच बदलल्यावर उंची वाढली की नाही, कोण सांगणार?

दुसरं, रूमचा आवाज पहिल्या दिवसापासून घ्यायला हवा होता. डेस्कवरचं रेकॉर्डिंग ऐकून मी जवळजवळ चुकीचा निर्णय पक्का केला होता. जो कुणी चिठ्ठ्यांवर किंवा ऑनलाइन गुणांवर लाइनअप लावतो त्याला माझं सांगणं एवढंच की भिंतीवर एक फोन टांगा. आणि स्वतः कुठे बसता तेही बघा. मी नेहमी मागे डावीकडे, कर्मचारी उभे असतात तिथे बसायचे. त्यांनी प्रत्येक सेट वीसदा ऐकलेला. ते कुणावरच हसत नाहीत, आणि त्यांच्यात बसून मला सगळीच रूम गार वाटायची. हसू संसर्गाने पसरतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधल्या हसण्याच्या शेकडो नोंदी केल्या. त्यात विनोद म्हणता येईल अशा वाक्यावर आलेलं हसणं २० टक्क्यांहूनही कमी निघालं. बाकी सगळं सोबतीचं.

खास शो नसता केला तर बरं झालं असतं का? नक्की माहीत नाही. त्या रात्री तिच्यात जो आत्मविश्वास आला तो खोटा नव्हता. पण तो शो करायचा तर त्याच बैठकीत पुढच्या तीन लाइनअपची नावं लिहून घ्यायला हवी होती.

आणि तिला पहिल्यांदा विचारलं ते पाचव्या महिन्यात. तोपर्यंत मालक, होस्ट, हेडलाइनर आणि मी, चौघांनी तिच्याबद्दल भरपूर चर्चा केली होती. विचारलं, “तुला काय हवंय?” ती लगेच म्हणाली, “तिसरा स्लॉट सोडून कुठलाही.” हे तिला दुसऱ्या शोपासूनच कळलं होतं. बोलली नाही, कारण नव्या कॉमिकने स्लॉटबद्दल कुरकुर केली की बुकर तिला बोलावणं बंद करतो. बुकर मीच होते, त्यामुळे तिचा अंदाज चूक होता असंही म्हणता येत नाही.

ती आता दुसऱ्या जागांवरही जाते. तिथल्या होस्टना आमचा नियम लागू नाही. मागे एकदा मी प्रेक्षकांत बसले होते. होस्टने आरोळी ठोकली, “आणि आता येतेय एक लेडी कॉमिक!” ती माइकपाशी गेली, मागे विंगेकडे वळून नीट पाहिलं, आणि प्रेक्षकांना म्हणाली, “ती येईपर्यंत मी दहा मिनिटं करते.” पहिला हशा पाचव्या सेकंदाला. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, हा फार छान आहे, ठेव हा. तिने मान हलवली. ठेवावाच लागतो, म्हणाली, पण दर वेळी वीस सेकंदं त्यात जातात आणि लाइट नवव्या मिनिटालाच लागते.